डावीकडची पायरी

आमच्या दुकानात नवीन चाकं बसवून झाली की गाऱ्हाणं घालतात. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, म्हणून आधी सांगतो. रत्नागिरीकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला मोठ्याने मागणं घालायची रीत आहे. एकजण बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणतात. लग्नाला गाऱ्हाणं, विहिरीला गाऱ्हाणं, होडीला गाऱ्हाणं. मग टायरनेच कुणाचं घोडं मारलंय?

हे गाऱ्हाणं मी घालतो, कारण दुकान माझं आणि आवाजही माझा. तरुणपणी गावच्या नमनात मी मावशीचं काम करायचो. नमन म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, आणि त्यातली मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. ती गवळणींना पुढे घालून मथुरेच्या बाजाराला निघते, कृष्णाशी भांडते आणि जाता जाता पहिल्या रांगेतल्या सरपंचालाही दोन टोमणे मारते. पुढे लुगडं सुटलं, मग पोट सुटलं, नाव मात्र सुटलं नाही. आज पन्नाशी उलटली तरी अख्खा तालुका मला मावशी म्हणतो. साळवी स्टॉपच्या पुढे ‘मावशीचं टायरचं दुकान’ विचारलंत तर कोणीही हात करून दाखवील. नवखं गिऱ्हाईक आत येतं, इकडेतिकडे बघतं आणि मलाच, एवढ्या मिशा असलेल्या माणसाला, विचारतं, “मावशी आहेत का?”

मी म्हणतो, “बोल बाळा.”

दुकानात माझ्या जोडीला हसनभाई. मिरकरवाड्याचा, मच्छीमाराच्या घरातला, पण याला लहानपणापासून बोट लागायची. समुद्रात गेला की पोटातलं सगळं माशांना घालून यायचा. शेवटी बापानेच जमिनीवरचं काम बघ म्हणून पाठवून दिला. चाक हवेत उचलून नुसतं हाताने फिरवतो आणि डोळे मिटून सांगतो, कुठे डुगतंय. माझ्या गाऱ्हाण्याला तो ‘व्हय महाराजा’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आमीन’. एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे कसं काय? हसनभाई म्हणाला, “दोन ठिकाणी अर्ज टाकलेला बरा.”

गाऱ्हाणं साधारण असं असतं.

“बा गावदेवा, वाटेवरल्या राखणदारा, आज तुझ्या लेकरानं गाडीला चार नवीन चाकं घातली हायत.”

“व्हय महाराजा.”

“त्या चाकांतली हवा चाकांतच राहू दे.”

“व्हय महाराजा.”

“वाटेवरचा खिळा, काच, काटा त्याच्यापासून लांब ठेव.”

इथे हसनभाई गप्प. मी त्याच्याकडे बघतो. तो पुटपुटतो, “मग पंक्चर काय एकमेकांची काढायची?”

मी पुन्हा हात जोडतो. “अगदीच लांब नको महाराजा. बेताचं लांब.”

गिऱ्हाईक हसतं, नारळ फुटतो, खोबरं वाटलं जातं आणि गाडी रस्त्याला लागते. आमच्या धंद्यातला हा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. बाकी सगळा घाम आणि काळं ग्रीस.

आता धंद्याविषयी चार शब्द. हल्ली पिकअपला मोठी चाकं घालायचं वेड आलंय. तरुण माणूस येतो, मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतो. त्यात एक गाडी वाळू उडवत वाळवंटातून चाललेली असते. मी विचारतो, “तुझं वाळवंट कुठंय बाळा?” तो म्हणतो, “मांडवीची चौपाटी.”

पण सगळंच वेड नाही. आमच्याकडे सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्याच्यावरून आंब्याच्या पेट्या किंवा चिरे घेऊन रोज जायचं तर साधा टायर टिकत नाही, दगडाच्या धारेवर चिरतो. टायरच्या आत थर असतात. साधा टायर म्हणजे चादर समजा आणि जड कामाचा टायर म्हणजे गोधडी. ओझ्याच्या गाडीला गोधडी हवीच. घोटाळा होतो तो रुबाबात. लोकांना नुसता जाड टायर नको असतो, रुंद हवा असतो आणि तो बाहेर काढणारं काळं चकचकीत रिम हवं असतं. गाडी मग पाय फाकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसते. दिसते झकास. पण पैलवान दारातून आत येताना अडकतो तशी तीही अडकते. स्टेअरिंग जड होतं, पूर्ण वळवलं की टायर कशाला तरी घासतो, आणि चाक उंच झालं की मीटरसुद्धा खरं बोलत नाही. हे सगळं मी आधी सांगतो. पासिंगला गाडी अडेल असलं काही करत नाही. तरीही हौसेपुढे मी कोण?

दुसरी गोष्ट म्हणजे टायर वाचता येतो. दोन्ही कडांना झिजला असेल तर मालक हवा भरत नाही. मधेच झिजला असेल तर नको तेवढी भरतो. एकाच बाजूने झिजला तर चाकांची दिशा बिघडली आहे. खाचांत काय अडकलंय यावरून गाडी कुठे फिरते तेही कळतं. एक गृहस्थ एकदा बायकोला घेऊन आले. गाडी घर ते ऑफिस सोडून कुठे जात नाही, असं तिच्यासमोर ठासून सांगत होते, आणि टायरच्या खाचांत भाट्याच्या समुद्रकिनाऱ्याची वाळू गच्च भरलेली. हसनभाईने माझ्याकडे बघितलं, मी हसनभाईकडे बघितलं, आणि त्याने पाण्याचा पाइप लावून चाकं स्वच्छ धुतली. चाकातली हवा आणि गिऱ्हाइकाचं गुपित, दोन्ही बाहेर जाऊ द्यायचं नसतं.

एवढं वाचता येत असूनही एक वाचायला मला फार उशीर झाला. तीच गोष्ट सांगायला बसलोय.

भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे निघालं की सडा लागतो. तिथे आत एका वाडीत तात्या आणि काकी राहतात. तात्या साठीचे. स्वतःची कलमं आहेत, जुनी पिकअप आहे. आंब्याच्या दिवसांत स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या पेट्या वाहायच्या, एरवी चिरे, शेणखत, कुणाच्या घरचा गणपती, मिळेल ते. मी त्यांना कधी एकट्याने आलेलं पाहिलं नव्हतं. उजवीकडे तात्या, डावीकडे काकी. गाडीत बसताना काकी पदर खोचायच्या, वरचा दांडा धरायच्या आणि चढायच्या. मग काच खाली करून कोपर बाहेर. हे त्यांचं सिंहासन.

त्याला कारण होतं. त्यांच्या वाडीत जायची वाट दोन गडग्यांमधून जाते. गडगा म्हणजे चिऱ्यांची, नुसती दगडावर दगड रचलेली भिंत. गाडी त्यातून जेमतेम मावते. उजवीकडचं तात्या बघायचे, डावीकडचं काकी. “आणा… आणा… आणा… थांबा.” त्यांच्या गाडीचा डावा आरसा कधीच तुटला होता. मी एकदा म्हटलं, तात्या, नवीन लावून देतो.

तात्या म्हणाले, “कशाला? माझा आरसा बोलतो.”

काकी आतून म्हणाल्या, “आणि तडा गेला तरी बदलता येत नाय.”

त्या वर्षी शिमग्याच्या आधी दोघं आली. गेल्या गणपतीत मुंबईचे पुतणे आले होते. त्यातल्या एकाने पिकअपच्या टायरवर थाप मारून विचारलं होतं, “तात्या, ह्याचं श्राद्ध कधी घालायचं?” ते तात्यांच्या मनात सलत होतं. शिवाय सड्यावर दोन टायर चिरलेले होते, म्हणजे गरज खरी होती. पण तात्यांना नुसती गोधडी नको होती. भिंतीवर टांगलेली ती काळी, बाहेर येणारी रिमं बघून त्यांचे डोळे लग्नातल्या मुलासारखे झाले.

“मावशे, शिमग्याला सगळे येतायत. गाडी अशी कर की पालखी सोडून तिच्याकडं बघतील.”

काकी म्हणाल्या, “पालखी सोडून चाकाकडं बघणाऱ्यांना देव बघून घेईल.”

पण बोलताना त्या हसत होत्या. नवऱ्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या वापरलेल्या गाड्या चालवल्या, एकदा थोडा थाट केला तर काय बिघडलं, असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. बाकावर बसून त्या चहा पीत होत्या.

चाकं बसली. मागे कमानीत, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांत, एक पाटा वाढवला, त्यानेही गाडी चार बोटं वर उचलली गेली. तात्या गाडीभोवती फिरत होते. कधी पुढून बघत, कधी रस्त्यापलीकडे जाऊन बघत. हसनभाईने गाडीत बसून स्टेअरिंग पूर्ण वळवलं तर डावीकडून खर्र असा आवाज आला. तो खाली वाकला.

“तात्या, ही पायरी आड येते.”

डाव्या दाराखाली लोखंडी अँगलची एक लहानशी पायरी होती. कुणीतरी हाताने जोडलेली, वर रबराची पट्टी ठोकलेली, गंजलेली. नवीन रिमामुळे टायर बाहेर आला होता आणि वळताना तिच्या कोपऱ्याला लागत होता.

तात्या तेव्हा पुढच्या चाकाचा फोटो काढत होते. मान वर न करता म्हणाले, “काढ रे. कशाला हवी?”

हसनभाईने ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. काकींनी हातातला कप बाकावर ठेवला. त्यात चहा अर्धा होता.

मग मी गाऱ्हाणं घातलं, रंगवून घातलं. दोन रिक्षावाले, शेजारचा बॅटरीवाला, सगळे गोळा झाले होते. प्रत्येक वाक्याला ‘व्हय महाराजा’ दणाणत होतं. मी नमनातला माणूस. समोरच्यांत कोण गात नाही ते मला लगेच कळतं. काकी हात जोडून उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड बंद होतं.

नारळ फुटला. तात्या उडी मारल्यासारखे आत चढले आणि हॉर्न वाजवून बघू लागले. काकी डाव्या दारापाशी गेल्या. दांड्याला हात लावला. खाली बघितलं. हात काढून घेतला.

“तुमी व्हा पुढं,” त्या म्हणाल्या. “माझं बाजारात काम हाय. मी एसटीनं येतंय.”

“मग सकाळी का नाय बोललीस?”

“आता आठवलं.”

तात्या गेले. काकी उलट्या दिशेने, स्टँडकडे चालू लागल्या. हसनभाई म्हणाला, “काकी रुसली.” मी म्हटलं, “चार दिवसांत ठीक होईल. बायकांना नवऱ्याचा थाट पचायला वेळ लागतो.” मावशी म्हणून वयात आलेल्या माणसाने बायकांविषयी किती कमी शिकावं, त्याचा हा नमुना.

शिमगा झाला. पुतण्यांनी चाकांबरोबर सेल्फी काढले, असं तात्यांनीच फोन करून सांगितलं. त्यांचा आवाज इतका खूश होता की माझा दिवस चांगला गेला.

मग आंबा सुरू झाला. एका सकाळी मी स्कूटरवरून भाट्याच्या पुलाकडे चाललो होतो तर एसटीच्या थांब्यावर काकी. पायाशी दोन पिशव्या, हातात छत्री, उन्हाला धरलेली. मी स्कूटर थांबवली.

“काय काकी, घरची गाडी असून एसटी?”

“ते गेले पेट्या घेऊन.”

“आणि तुम्ही मागे?”

काकींनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, “आमची पायरी गेली ना.”

आता वाचकहो, दिवस आंब्याचे. बाई आंब्याच्या बागेतली. त्या दिवसांत आमच्याकडे ‘पायरी’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे घराची पायरी येत नाही, आंबा येतो. रसाला गोड, पण बाजारात हापूसच्या मागे बसणारा. मला वाटलं, वाऱ्याने पायरीची फळं गळली असतील.

मी म्हटलं, “जाऊ द्या हो काकी. पायरीचं काय एवढं? हापूस आहे ना?”

काकींनी माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाल्या, “व्हय. हापूस हाय.”

एसटी आली. काकींनी दोन्ही हातांनी दांडे धरले, उजवा पाय वर ठेवला, अंग वर ओढलं आणि मग डावा पाय मागून उचलून घेतला. कंडक्टरने खांद्याला धरून आत घेतलं. हे सगळं मी बघितलं आणि त्यातलं काहीही मला दिसलं नाही. मी दोन्ही पिशव्या आत दिल्या, वर “तात्यांना सांगा, हवा तपासायला या” असं म्हणून पुढे निघून गेलो.

तात्या आले. आंबा ऐन भरात असताना, एकटे. गाडी लावली आणि खाली उतरायच्या आधीच बोलू लागले.

“मावशे, हा कसला टायर दिलास? फाटला.”

मी आणि हसनभाईने गाडीला एक फेरी मारली. उजवीकडची दोन्ही चाकं नव्यासारखी. डावीकडची दोन्ही रिमं खरवडून पांढरी पडलेली आणि पुढच्या टायरच्या बगलेत लांब चीर. चिरेला जांभ्याची लाल धूळ.

“तात्या, गडगा चावतो का हो?”

“वाट अरुंद पडते. चाकं बाहेर आलीत ना.”

“चाकं दोन्हीकडून बाहेर आलीत. मग उजवीकडचा गडगा कसा चावत नाही?”

हसनभाई खाली बसून चीर बोटाने चाचपत होता. तिथूनच त्याने विचारलं, “डावीकडं कोण बसतं हल्ली?”

“कोण नाय.”

“काकी?” मी विचारलं.

“घरी असते. म्हणते, गुडघं दुखतात, तुमची गाडी उंच झाली, तुमी जावा.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, बरं.”

तात्या बाकावर बसले. काकी बसायच्या तिथेच, पण एका टोकाला, शेजारी जागा सोडल्यासारखे. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “गाडीत बोलायला कोण नसतं रे. रेडिओ लावून घेतला. पण तो काय ‘थांबा’ म्हणत नाय.”

आणि मग मला भाट्याचा थांबा आठवला. आमची पायरी गेली ना. मी एवढा मोठा बोलणारा माणूस, मला कानाखाली बसल्यासारखं झालं.

“हसन,” मी म्हटलं, “ती पायरी कुठंय? काकींची?”

“कुठली… ती? ती हाय की. माठाखाली.”

दुकानाच्या कोपऱ्यात आमचा पाण्याचा माठ आहे. त्याची तिवई मोडली होती, तेव्हा हसनभाईने एका पायाखाली तो तुकडा टेकू म्हणून दिला होता. दोघांनी माठ उचलला, पायरी काढली आणि मी ती तात्यांच्या मांडीवर ठेवली.

मी ती तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली. वरची रबराची पट्टी टायरचीच होती, आणि टायर म्हटलं की मी वाचतो. पुढचा अर्धा भाग जवळपास कोरा, खाचा शाबूत. मागच्या कोपऱ्यात मात्र एका टाचेएवढी जागा झिजून गुळगुळीत, इतकी की आतली तार दिसत होती. सगळा भार एकाच पायावर. उजव्या. डावा त्या पट्टीला कधी लागलाच नव्हता, तो त्या मागून उचलून आत घेत असणार.

मी तात्यांना ते दाखवलं. तात्यांनी त्या खळग्यावर अंगठा ठेवला. अंगठा तिथे नीट बसला आणि तिथेच राहिला.

“पावसात पाय सरकला होता तिचा,” ते म्हणाले. “गुडघा तेव्हाच गेला. मग मी ही जोडली. रबर तुझ्याकडूनच नेलेला. तू विचारलंस, कशाला हवा? मी म्हटलं, बायकोला टायर घालतोय.”

मला आठवलं. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

“मीच जोडली,” तात्या म्हणाले, “आणि मीच म्हटलं, काढ.”

हसनभाईने ग्राइंडरची वायर उगाचच गुंडाळून ठेवली. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

“परत लाव,” तात्या म्हणाले.

“लागेल,” हसनभाई म्हणाला. “पण ह्या चाकांवर नाही लागणार. परत घासंल. दोन्हीतलं एक.”

तात्या उठले. गाडीभोवती एक फेरी मारली, पहिल्या दिवशी मारली होती तशीच, रस्त्यापलीकडे जाऊनसुद्धा. परत आले. उजवीकडच्या न खरवडलेल्या रिमावर हात फिरवला.

“शिमग्याला काय दिसली होती रे.”

“दिसली होती,” मी म्हटलं.

“फोटो हायत.”

“आहेत.”

“मग काढ.”

गिऱ्हाइकाची जुनी रिमं मी लगेच भंगारात घालत नाही. माणसाचा जीव परत फिरतो, हे एवढ्या वर्षांत कळलंय. तात्यांची लोखंडी रिमं मागे पडून होती. ती घासली, रंगवली, त्यांच्यावर मूळ रुंदीचे पण जड थरांचे टायर चढवले. खरं तर त्यांना पहिल्या दिवसापासून तेवढंच हवं होतं. पाटा राहू दिला, ओझ्याला तो लागतोच. गाडी त्याने जेवढी उचलली गेली होती तेवढी पायरी खाली घेऊन हसनभाईने वेल्डिंग मारलं. आणि ते टिकतं का हे बघायला मी, माझ्या या देहासह, तिच्यावर उभा राहून नाचलो. मावशीचा पदन्यास अजून शाबूत आहे आणि वेल्डिंगही.

रबर कुठलं लावायचं? झिजलेली पट्टी परत लावणं धोक्याचं, पाय सरकतो. तात्यांनीच त्या डाव्या, चिरलेल्या, ऐटबाज टायरकडे बोट दाखवलं. त्याची बगल फाटली होती, पाठ धडधाकट होती. त्यातून एक तुकडा कापला, खोल खोल खाचांचा. तात्यांनी तो स्वतःच्या हाताने ठोकला. कामाला संध्याकाळ झाली, गाडी आमच्याकडेच ठेवून ते एसटीने घरी गेले. जाताना जुनी झिजलेली पट्टी त्यांनी खिशात घातली. मी हवेची नळी तपासत असल्याचं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एसटीने आली. काकी आधी पाठीमागे थांबल्या. मग पुढे येऊन छत्रीच्या टोकाने पायरी दाबून बघितली.

“ही कुणाची अक्कल?”

“मावशीची,” तात्या म्हणाले.

“तात्यांची,” मी म्हटलं.

“म्हणजे हसनची,” काकी म्हणाल्या.

हसनभाईने मान खाली घालून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. काकींनी पदर खोचला, दांडा धरला, उजवा पाय ठेवला. नवीन रबराने पाय पकडला तेव्हा त्या क्षणभर तशाच राहिल्या, मग अंग वर घेतलं, डावा पाय मागून आत. बसल्या. पहिलं काम म्हणजे पदराने समोरची धूळ पुसली. दुसरं, रेडिओ बंद केला.

मी नारळ हातात घेऊन घसा खाकरला. “बा गावदेवा, वाटेवरल्या…”

“थांब मावशे,” काकी खिडकीतून म्हणाल्या. “आज मी घालतंय.”

दुकान माझं, नारळ माझा, आवाज माझा. मी मागे सरलो. काकींनी आत बसल्या बसल्याच हात जोडले.

“बा देवा महाराजा, ह्यांना उजवीकडचं नीट दिसू दे.”

“व्हय महाराजा.”

“डावीकडचं माझ्यावर सोड.”

“व्हय महाराजा.”

“आणि माझ्या बाजूचं काय काढायचं झालं, तर आधी मला विचारायची बुद्धी ह्यांना दे.”

इथे तात्यांचा ‘व्हय महाराजा’ एवढा मोठा निघाला की पलीकडच्या बॅटरीवाल्याने डोकं बाहेर काढलं. हसनभाई शांतपणे म्हणाला, “आमीन.”

नारळ फोडून मी खिडकीपाशी खोबरं द्यायला गेलो. म्हटलं, “काकी, त्या दिवशी ‘व्हय’ का नाही म्हणालात?”

“देवापुढं खोटं व्हय कसं म्हणू?”

“मग मला तरी सांगायचं. भाट्याला भेटलात तेव्हा.”

“सांगितलं की.” त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून खिडकीतून माझ्या हातात दिली. आत गवतात ठेवलेले आंबे होते. “पायरी हाय. तुला काय तिचं एवढं कौतुक नाय म्हणा.”

मी पिशवी छातीशी धरली.

ती काळी रिमं मी परत विकत घेतली. पॉलिश करून भिंतीला लावली आहेत. अधूनमधून कोणीतरी तरुण येतो, तिथे थांबतो, मोबाइलवर वाळवंट दाखवतो. मी त्याला थर सांगतो, रुंदी सांगतो, मीटरचं सांगतो. आणि त्याआधी एक प्रश्न विचारतो, जो पूर्वी विचारत नव्हतो: डावीकडे कोण बसतं? कोणी म्हणतं, कोणी नाही. कोणी म्हणतं, आई. मग मी उठतो आणि दाराखाली वाकून बघतो.

तर त्या सकाळी, खोबरं वाटून झाल्यावर तात्यांनी गाडी चालू केली. आमच्या दुकानातून रस्त्यावर जायचं तर मागे घ्यावी लागते आणि एका बाजूला गटार आहे, म्हणून मी नेहमी मागे उभा राहून दोन्ही हात वर करून गाडी काढून देतो. या कामात मी पूर्वीचं सगळं नमन वापरतो. त्या दिवशीही उभा राहिलो. एक हात असा, दुसरा तसा, पिशवी खांद्याला. आवाज लावला, “येऊ द्या, येऊ द्या.”

तात्या माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी मान किंचित डावीकडे कलवली होती, माणूस ऐकताना कलवतो तशी. डाव्या खिडकीतून कोपर बाहेर आलं, मग काकींचं डोकं.

“आणा… आणा… आणा… थांबा. मधे मावशी उभी हाय.”